निकाली निघालेली प्रकरणे आणि ताटकळलेली माणसे

सरकारचे सामाजिक न्याय खाते आकडे गोळा करण्यात कमी पडते, असा आरोप कोणालाही करता येणार नाही. महाविद्यालये व वसतिगृहे यांच्याकडून जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे, तेथून प्रादेशिक उपायुक्तांकडे, तेथून पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे आणि शेवटी मंत्रालयाकडे तक्त्यांचा ओघ अखंड चालू असतो. अर्ज किती आले, निकाली किती निघाले, शिल्लक किती राहिले, अनुदान किती मिळाले, खर्च किती झाला आणि त्या खर्चाची शेकडेवारी किती, हे सारे रकाने भरले जातात. ज्या कार्यालयाची शेकडेवारी चढती त्याची आढावा बैठकीत पाठ थोपटली जाते. ज्याची उतरती त्यास जाब विचारला जातो. कार्यालयाची लायकी मोजण्याचे हे सरकारी माप होय.

आकडे गोळा करण्यास आमचा विरोध नाही. ज्या समाजाची सारी दुःखे शतकानुशतके बिननोंदीची राहिली, त्या समाजाने नोंदीला विरोध करणे हा आत्मघात ठरेल. आमचा आक्षेप निराळा आहे. या तक्त्यांत कार्यालयाने काय केले याची मोजदाद होते. ज्याच्यासाठी कार्यालय उघडले त्याच्या पदरात काय पडले, आणि केव्हा पडले, याची मोजदाद होत नाही. वरकरणी हा फरक किरकोळ वाटेल. परंतु कायद्याने दिलेला आमचा हक्क नेमका याच फटीतून गळून जातो, आणि गळून गेल्यानंतरही कागदावर तो दिला गेल्याची नोंद राहते. नाकारलेल्या हक्कासाठी भांडता येते. दिला गेला अशी ज्याची नोंद झाली, त्या हक्कासाठी भांडणारा मनुष्य सरकारच्या लेखी खोटारडा ठरतो.

कागदावर खुले झालेले तळे

हा अनुभव आम्हांस नवा नाही. १९२३ साली रावबहादुर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे कौन्सिलाने मान्य केले. सरकारने खातेप्रमुखांस आज्ञापत्रे धाडली. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. त्या काळी एखाद्या अधिकाऱ्याने ‘खुले केलेले पाणवठे’ असा तक्ता मागविला असता, तर महाडपुढे ‘एक’ असा आकडा बिनदिक्कत भरला गेला असता, आणि तो आकडा खोटा आहे असे कोणास सिद्धही करता आले नसते. कारण ठराव खरा होता! फक्त एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत त्या तळ्याचे पाणी पडले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा तो आकडा प्रथम तपासला गेला. त्या तपासणीचे उत्तर सवर्णांनी लाठ्याकाठ्यांनी दिले आणि हक्कावर न्यायालयाची शेवटची मोहोर उठण्यास १९३७ साल उजाडले.

ठराव आणि पाणी यांतील हे अंतर बाबासाहेब पुरते ओळखून होते. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली, तीत बाबासाहेब सभासद होते. १९३० साली तिचा अहवाल आला व त्यातून मागासवर्ग खात्याचा पाया घातला गेला. आजचे समाजकल्याण खाते त्याच खात्याचा वारस आहे. तेव्हा हे खाते म्हणजे सरकारने आमच्यावर केलेला उपकार, अशा समजुतीत जे कोणी असतील त्यांनी ती आजच टाकून द्यावी. या खात्याच्या मुळाशी बाबासाहेबांचे श्रम आहेत आणि त्याचा हिशेब तपासण्याचा वारसाहक्क आमच्याकडे चालत आलेला आहे.

‘निकाली’ या शब्दाचा अर्थ

वकिली व्यवसायात शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागतो. ‘प्रकरण निकाली निघाले’ याचा सामान्य माणूस जो अर्थ घेतो तो असा की, ज्याने मागितले त्यास ते मिळाले, अथवा का मिळत नाही याचे कारण देऊन त्यास कळविले गेले. कार्यालयीन भाषेत या एका शब्दाच्या पोटात अनेक गोष्टी दडतात. अर्ज मंजूर झाला तरी निकाली. नामंजूर झाला तरी निकाली. अन्य कार्यालयाकडे वर्ग केला तरी या कार्यालयापुरता निकाली. आणि अर्जदार पूर्ततेसाठी वेळेत आला नाही म्हणून ‘दप्तरी दाखल’ केला तरीही निकालीच. त्रुटी दाखवून परत पाठविलेला अर्जही कार्यालयाच्या शिलकेतून उतरतो. चार भिन्न दैवे भोगणारी चार माणसे एकाच रकान्यात एकाच आकड्याने मोजली जातात, आणि त्या बेरजेस कार्यक्षमता असे नाव मिळते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे उदाहरण घेऊ. अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून चालत आलेली ही योजना आमच्या दोन-तीन पिढ्यांच्या शिक्षणाचा कणा आहे. आज महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेवर विद्यार्थी अर्ज भरतो. तो प्रथम महाविद्यालयातील लिपिकापुढे, मग प्राचार्यांपुढे आणि त्यानंतर जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांपुढे जातो. समजा, एका विद्यार्थिनीने ऑगस्टमध्ये अर्ज भरला. ऑक्टोबरात उत्पन्नाच्या दाखल्यावरील वर्षाच्या शेऱ्याने तो परत आला. तहसील कचेरीत चार फेऱ्या मारून तिने नवा दाखला जोडला. डिसेंबरात जोडपत्र अस्पष्ट म्हणून अर्ज पुन्हा परत आला. मार्चमध्ये तो मंजूर झाला. पुढे पैसाही दोन वाटांनी येतो: राज्याचा ४० टक्के हिस्सा आधी आणि केंद्राचा ६० टक्के हिस्सा त्यामागून. तोवर वर्ष सरले, परीक्षा झाली, आणि फी भरल्याखेरीज कागदपत्रे मिळणार नाहीत असे महाविद्यालयाने ऐकवूनही झाले.

आता मार्चअखेरचा गोषवारा पाहावा. प्राप्त अर्ज एक, निकाली एक, प्रलंबित निरंक. कामगिरी शंभर टक्के! अर्ज महाविद्यालयाकडे पडून होता ते दिवस खात्याच्या खात्यावर चढले नाहीत. तो विद्यार्थिनीकडे परत गेला ते दिवस कोणाच्याच खात्यावर चढले नाहीत. सारे दिवस तिच्या एकटीच्या आयुष्यातून वजा झाले. बापाने सावकाराकडून काढलेल्या रकमेचे व्याज कोणत्या रकान्यात भरावयाचे, याची सोय त्या तक्त्यात नाही.

अत्याचारग्रस्तांच्या अर्थसाहाय्याची कथा याहून गंभीर आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालील नियम १९९५ चे. तात्काळ साहाय्य सात दिवसांत मिळाले पाहिजे असे नियम १२ सांगतो. आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाच्या प्रस्तावावर ‘जातीच्या दाखल्याअभावी दप्तरी दाखल’ असा शेरा मारला होता. ते कुटुंब जीव वाचवून गाव सोडून परागंदा झाले होते आणि दाखल्याची मूळ कागदपत्रे मिळविण्यास त्यांना त्याच गावी, त्याच लोकांपुढे जाणे भाग होते. प्रस्ताव दप्तरी दाखल झाल्यामुळे त्या महिन्याच्या तक्त्यात प्रलंबित प्रस्तावांपुढे ‘निरंक’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. सात दिवसांचा नियम मोडला गेला, हे त्या तक्त्यावरून ब्रह्मदेवालाही कळले नसते.

खर्चाची शेकडेवारी

दुसरे सरकारी माप खर्चाचे. अनुदानापैकी जितका टक्का खर्ची पडला तितकी कार्यालयाची कामगिरी चांगली, असा हा हिशेब आहे. वर्षभर निजलेली लेखणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात का धावू लागते, याचे उत्तर या मापात आहे. पैसा तिजोरीतून बाहेर पडला एवढे त्यास कळते. कोठे जाऊन पडला हे कळत नाही.

याचा ढळढळीत दाखला मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिला. सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळविण्यात आले आणि खुद्द खात्याच्या मंत्र्यांनीच त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. ही रक्कम त्या योजनेतील अनुसूचित जातींच्या भगिनींनाच मिळते, असे समर्थन करण्यात आले. आमच्या भगिनींना साहाय्य मिळू नये असे कोण म्हणेल? पण ते साहाय्य त्यांना राज्याच्या इतर स्त्रियांप्रमाणे सामान्य तिजोरीतून मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढण्याचे तत्त्व कशासाठी आले? सर्वांसाठी असलेल्या योजनांनी जे अंतर भरून निघत नाही, ते भरून काढण्यासाठी. सर्वांसाठीच्या योजनेचा खर्च त्यातूनच भागविला, तर अंतर भरावे कशाने? मात्र तक्त्यात काहीही बिघडत नाही. निधी खर्ची पडला, लाभार्थी अनुसूचित जातींचे, शेकडेवारी वाढली. वसतिगृहात जागा न मिळालेला आणि ‘स्वाधार’ योजनेच्या पैशाची वाट पाहत भाड्याच्या खोलीत अर्धपोटी अभ्यास करणारा मुलगा त्या शेकडेवारीच्या बाहेर राहतो.

छेद कोठे आहे?

शाळेतील मुलासही ठाऊक आहे की, छेदावाचून अपूर्णांक होत नाही. ‘इतक्या हजार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली’ हा अंश झाला. पात्र विद्यार्थी किती होते हा छेद. सरकारी तक्त्यांतील छेद म्हणजे आलेले अर्ज. ज्यास अर्ज करता आला नाही, ज्यास योजनाच कळली नाही, ज्याने तिसऱ्यांदा अर्ज परत आल्यावर कंटाळून शाळा सोडली, तो छेदातूनच नाहीसा होतो. आणि तो नाहीसा झाल्याने कार्यालयाची टक्केवारी सुधारते! जितके लोक दारातून परत जातील तितकी कामगिरी उजळ दिसावी, असे हे माप आहे. महालेखापरीक्षकांनी २०१२ ते २०१७ या काळातील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची महाराष्ट्रासह पाच राज्यांत तपासणी करून २०१८ साली जो अहवाल दिला, त्यातही पात्र विद्यार्थ्यांचा अंदाज व नियोजन यांतील उणिवांवर बोट ठेवलेले आहे.

बाबासाहेबांनी छेद कधीही सोडला नाही. १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी किती मुले शाळेत आहेत एवढेच सांगून समाधान मानले नाही. प्रत्येक वर्गाच्या दर हजार लोकसंख्येमागे किती मुले शिकतात, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे मांडला आणि लोकसंख्येत मोठा असलेला मागासवर्ग शिक्षणात तळाशी कसा आहे ते एका दृष्टिक्षेपात दाखविले. आमच्या अर्थशास्त्रज्ञ नेत्याने शिकविलेली ही मोजणी त्याच्याच श्रमांतून उगवलेल्या खात्याने विसरावी, यापरते दुर्दैव कोणते?

बौद्धांना तर या ‘निरंक’ शब्दाची फार जुनी ओळख आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आम्ही धम्माचा स्वीकार केला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या. परंतु केंद्राने तो आदेश बदलण्यास १९९० साल उजाडले. मधल्या ३४ वर्षांत केंद्राच्या नोकऱ्या व सवलती यांपैकी किती बौद्धांचे अर्ज प्रलंबित होते, असे कोणी विचारले असते, तर उत्तर एकच मिळाले असते: निरंक! १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७ लाख ८९ हजारांहून अधिक बौद्धांची नोंद झालेली असताना केंद्राच्या रकान्यात त्यांच्यापुढे शून्य होते. गरज नव्हती म्हणून हे शून्य आले नाही. रकानाच नव्हता म्हणून आले. धर्म बदलला, पण गावाने पाणवठा बदलू दिला नाही. आणि तरीही कागदावर आमचे दुःख एका रात्रीत संपले.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध आहेत. खात्याच्या तक्त्यांत आजही ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा एकत्र रकाना असतो. सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या धर्मांतरितांच्या नातवंडांनाही ‘नव’ म्हणण्याचा हा हट्ट बाजूस ठेवू. पण त्या जोड रकान्यामुळे बौद्ध विद्यार्थी किती आणि अन्य अनुसूचित जातींतील मातंग, चर्मकार, वाल्मीकी बांधवांची मुले किती, हे कळावयास मार्ग उरत नाही. परिणामी एकाच ताटातील घास कोणी अधिक घेतला, अशी कुजबुज आमच्याच भावकीत पसरविणाऱ्यांचे फावते. खरे आकडे प्रसिद्ध झाले तर ती कुजबुज तरी थांबेल, किंवा ज्यास कमी मिळाले त्यास न्याय तरी मिळेल. दोहोंपैकी काहीही झाले तरी आम्हांस त्याचे भय नाही.

आकडा शस्त्र बनतो तो असा

आकड्यांचा घोळ केवळ दिरंगाईवर थांबला असता तर एवढा लेखप्रपंच करावा लागला नसता. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारे निर्देश दिले: गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची मान्यता. महाडच्या सत्याग्रहाचाच तो दिवस! या निर्णयात सरकारी आकडे उद्धृत झालेले आहेत. २०१५ साली न्यायालयांनी निकाल दिलेल्या १५,६३८ प्रकरणांपैकी ११,०२४ प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले अथवा मुक्त झाले, ४९५ प्रकरणे मागे घेतली गेली आणि ४,११९ प्रकरणांत शिक्षा झाली, असा तो हिशेब होता. यावरून कायद्याचा दुरुपयोग होतो, या समजुतीस बळ मिळाले.

हे आकडे खोटे नव्हते. परंतु ते कशाचे आकडे होते? साक्षीदार का फितूर झाले, तपास नियमाप्रमाणे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला होता की नाही, जातीचा दाखला दोषारोपपत्रास जोडला होता की नाही, फिर्यादीस संरक्षण मिळाले होते की नाही, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रकान्यांत नव्हते. आमच्या पोलीस ठाण्यांत तर ‘ब समरी’ आणि ‘क समरी’ यांतील भेदही सामान्य फिर्यादीस कोणी समजावून सांगत नाही. एकीत तक्रार द्वेषमूलक व खोटी ठरते, दुसरीत गैरसमजाची. तपासयंत्रणेचे अपयश फिर्यादीच्या लबाडीच्या खात्यावर जमा झाले. २ एप्रिल २०१८ रोजी देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि त्यात माणसे प्राणास मुकली. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून कायदा पूर्ववत केला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही आपले निर्देश मागे घेतले आणि निर्दोष सुटण्याचे प्रमाण सदोष तपासासारख्या कारणांनीही वाढते हे मान्य केले. एका रकान्याची चुकीची फोड माणसांच्या जिवावर बेतते, हे यापुढे कोणास पटवून द्यावे लागू नये.

त्यानंतर तरी सुधारणा झाली काय? केंद्राच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे अनुसूचित जातींवरील अत्याचाराची ५१,६५६ प्रकरणे या कायद्याखाली नोंदली गेली. शिक्षेचे प्रमाण २०२० मध्ये ३९.२ टक्के होते, ते ३२.४ टक्क्यांवर घसरले. १४ राज्यांतील ४९८ जिल्ह्यांपैकी १९४ जिल्ह्यांतच विशेष न्यायालये होती. सरकारने स्वतःच्या हाताने छापलेला हा स्वतःचा नापास निकाल आहे. पण या आकड्यांवरून कोणत्या अधिकाऱ्यास जाब विचारला गेला? शिष्यवृत्तीची शेकडेवारी घसरली तर सहायक आयुक्तास नोटीस मिळते; शिक्षेचे प्रमाण घसरले तर केवळ पान उलटले जाते.

कायद्यात देखरेख आहे. ती चालते काय?

कायद्यात देखरेखीची व्यवस्था नाही असे नाही. नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीने जानेवारी व जुलै अशा वर्षातून किमान दोन बैठका घ्यावयाच्या आहेत. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी भरली पाहिजे. कायद्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकास सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद करते. आमचा साधा प्रश्न आहे. अर्जदाराचे दिवस मोजणाऱ्या सरकारने आपल्या समित्यांचे दिवसही मोजावेत. प्रत्येक जिल्ह्यात कोणत्या तारखेस बैठक झाली, किती प्रकरणे वाचली गेली, किती कसुरदारांवर कलम ४ खाली चौकशीची शिफारस झाली, हा तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारावर का लागू नये?

२०२५ साली राज्य सरकारने शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम राबवून कार्यालयांस गुण दिले. संकेतस्थळ, स्वच्छता, सोयीसुविधा, तक्रारींचे निवारण, क्षेत्रीय भेटी इत्यादी मुद्दे त्यात होते. कार्यालय स्वच्छ असावे हे उत्तमच. पण झाडलेल्या कचेरीतून रिकाम्या हाताने परतणाऱ्या विधवेस त्या झाडलोटीचे काय कौतुक? आणि तक्रारही ‘निकाली’च निघावयाची असेल, तर त्या शब्दाची कथा वर सांगितलीच आहे.

आक्षेपांचे निरसन

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, पदे रिक्त आहेत, लिपिकावर तिघांचा भार आहे, आणि तुम्ही आणखी रकाने वाढवू पाहता. आमचे उत्तर असे की, भार तक्त्यांच्या संख्येने वाढतो, चार तारखांनी वाढत नाही. संगणकात प्रत्येक कार्यवाहीची तारीख आधीच उमटते. ती छापण्यास नवा लिपिक लागत नाही, इच्छा लागते. पदे रिक्त असतील तर तो आकडाही त्याच तक्त्यात घालावा. प्रामाणिक कर्मचाऱ्यास त्यानेच संरक्षण मिळेल.

दुसरा आक्षेप आमच्याच घरातून येतो. या खात्यात आपलीच माणसे आहेत. त्यांना कशाला अडचणीत आणता? होय, आपली माणसे आहेत, आणि त्यांतील कित्येक जिवाचे रान करतात हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. परंतु शिकून मोठ्या झालेल्यांनी समाजाकडे पाठ फिरविल्याची वेदना बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यास बोलून दाखविली, ती कोणासाठी होती? आरक्षणाने मिळालेली खुर्ची शंभर टक्क्यांचा खोटा तक्ता भरण्यासाठी मिळालेली नाही. भगवान बुद्धाने कालामांना सांगितले की, ग्रंथात आहे म्हणून वा थोरांनी सांगितले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. जो धम्म पिटकासही ही सूट देत नाही, तो सरकारी गोषवाऱ्यास कशी देईल?

आमच्या मागण्या

पहिली: प्रत्येक अर्जावर चार तारखा नोंदवाव्यात व त्या प्रसिद्ध कराव्यात, अर्ज दिल्याची, त्रुटी कळविल्याची, आदेशाची, आणि पैसा अथवा दाखला प्रत्यक्ष हाती पडल्याची. कार्यालयाची कामगिरी पहिल्या व चौथ्या तारखेतील अंतरावरून ठरावी.

दुसरी: ‘निकाली’ हा एक रकाना मोडून मंजूर, नामंजूर, परत, वर्ग व दप्तरी दाखल असे पाच रकाने करावेत. चौथी तारीख पडेपर्यंत अर्ज प्रलंबितच समजावा, मग तो कोणाच्याही टेबलावर असो.

तिसरी: छेद अर्जांचा न घेता पात्र व्यक्तींचा घ्यावा. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेले अनुसूचित जातींचे व बौद्ध विद्यार्थी किती, याची यादी परीक्षा मंडळाकडे असते. ती समोर ठेवावी, आणि जातनिहाय व धर्मनिहाय फोड प्रसिद्ध करावी.

चौथी: अत्याचाराच्या प्रकरणांत गुन्हा नोंदल्यापासून तात्काळ साहाय्य हाती पडेपर्यंत किती दिवस गेले, हे प्रत्येक प्रकरणापुढे लिहावे, आणि सातावर गेलेल्या प्रत्येक दिवसाचे कारण व जबाबदार अधिकाऱ्याचे पद दक्षता समितीपुढे यावे.

सरकार या मागण्या आपण होऊन मान्य करील, अशा भ्रमात आम्ही नाही. महाडचे तळे ठरावाने खुले झाले नाही. तेथे जावे लागले. तेव्हा काही काम आमचे आम्हांसच केले पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मागण्याचा हक्क प्रत्येकास आहे. अर्ज फेटाळल्यास लेखी कारण मिळाले पाहिजे, आणि त्यावर तीन पायऱ्यांपर्यंत अपील आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. पोच न घेता एकही अर्ज देऊ नये. तोंडी उत्तर घेऊन एकानेही परत फिरू नये.

आणि प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. वस्तीतील प्रत्येक अर्जाच्या त्याच चार तारखा तीत लिहाव्यात. नाव, योजना, तारखा, शेरा, एवढे पुरे. शिकलेल्या एका मुलाने वा मुलीने रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यासाठी द्यावा. तीन महिन्यांनी दक्षता समितीच्या बैठकीपूर्वी त्या वहीची प्रत समितीतील अशासकीय सभासदांच्या हाती द्यावी आणि सरकारी तक्ता व विहाराची वही शेजारी शेजारी ठेवण्यास सांगावे. जेथे दोन्ही जुळतील तेथे त्या कार्यालयाचे अभिनंदन मोकळ्या मनाने करावे. जेथे जुळणार नाहीत तेथे कोणाच्या आकड्याखाली कोणाची सही आहे, एवढाच प्रश्न विचारावा. येत्या पौर्णिमेपासून ही वही सुरू करावी, अशी आमची सर्व शाखांना व उपासक-उपासिकांना विनंती आहे.

जय भीम!